चोरीला गेलेला मोबाईल निकामी करण्याची सोय
मोबाईल चोरीस गेल्यावर सिमकार्ड बंद केले, तरी दुसरे सिमकार्ड घालून तो वापरता येतो. ही पळवाट रोखणारी दूरसंचार विभागाची यंत्रणा २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रात आली. मे २०२३ पासून ती ‘संचार साथी’ संकेतस्थळावर देशभर उपलब्ध आहे. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत व फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक तेथे भरावा. मग तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही. सापडल्यास तेथूनच तो पुन्हा सुरू करता येतो. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही द्यावेत. मात्र क्रमांक आधीच टिपलेला हवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. खोक्यावरही असतो, पण खोके जपतो कोण?