पहिला प्रूफ संच घेताना

आपल्या मंडळात नाण्यांचा विषय निघाला की गाडी होळकरांवर जाते. मल्हारनगर आणि महेश्वर इथल्या टांकसाळी, शिवलिंग आणि बेलपान, शहाआलमचं नाव, यावर आपण तासन्‌तास बोलतो. आज मात्र नव्या नाण्यांबद्दल लिहितोय. निमित्त माझ्या भाचीचं.

दिवाळीत ती एक डबी घेऊन आली. "मामा, गांधी शताब्दीचा प्रूफ सेट आहे म्हणतात. पहिल्या पगारातून घेऊ का?" विक्रेत्याने दोन दिवस पाहायला दिला होता. त्यात १९६९ ची चार नाणी होती: २० पैसे, ५० पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये. चारही लखलखीत. मी भिंग काढलं आणि डबी परत करायला सांगितली. का, ते सांगतो.

प्रूफ म्हणजे काय

प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, घडवण्याची पद्धत आहे. नेहमीचं नाणं यंत्रात एका दाबाखाली, मिनिटाला शेकड्यांनी पडतं. प्रूफसाठी डाय आरशासारखी पॉलिश करतात, कोरी चकतीही पॉलिश करतात आणि सावकाश, जास्त दाबाने, एकाहून अधिक वेळा ठोकतात. त्यामुळे सपाट भाग आरसा होतो, कडा आणि अक्षरं धारदार येतात. अलीकडच्या नाण्यांत चेहरा आणि अक्षरं मुद्दाम दुधी ठेवतात, म्हणजे आरशावर ती उठून दिसतात.

बाजारात दुसरा शब्द ऐकू येतो, 'यूएनसी'. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने पाडलेलं, पण चलनात न फिरलेलं नाणं. तेही सुंदर असतं, त्याचेही सरकारी संच निघतात आणि ते स्वस्त असतात. घोटाळा होतो तो यूएनसी प्रूफच्या भावाने विकलं जातं तेव्हा.

डबी परत का केली

मुंबई टांकसाळीच्या नेहमीच्या नाण्यांवर पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण असते. तिथल्या त्या काळच्या प्रूफ नाण्यांवर तिच्याऐवजी इंग्रजी 'बी' असतो. पुढे, १९९० च्या दशकात शहराचं नाव बदलल्यावर, 'एम' आला. गांधी शताब्दीच्या नाण्यावर १९६९ हे साल छापलेलंच नाही, १८६९-१९४८ असं आहे. खूण त्या आकड्यांखाली बघायची. भाचीच्या डबीत तिथे चौकट होती. म्हणजे साधी नाणी, कुणीतरी घासून चमकवलेली.

घासणंही ओळखता येतं. मी अनेक वर्षं टूलरूममध्ये काढली, तिथला धडा इथे उपयोगी पडतो. डायवरचा ओरखडा नाण्यावर *उठून* येतो, कारण डाय उलटी असते. कापडाने किंवा पावडरीने पडलेला ओरखडा मात्र नाण्यात *खोल* जातो. दहापट भिंगाखाली नाणं तिरप्या उजेडात फिरवा, फरक दिसतो. आणखी सोपी चाचणी म्हणजे छापील कागद नाण्यासमोर धरा. खऱ्या प्रूफच्या सपाट भागात अक्षरं उलटी, पण स्पष्ट दिसतात. घासलेल्या नाण्यात चकाकी असते, प्रतिबिंब धुरकट असतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या जन्मानंतर वडिलांनी हाच संच घेऊन ठेवला होता, खरा, 'बी' खुणेचा. कॉलेजात असताना दहा रुपयांच्या नाण्यावर काळपट छटा आली म्हणून मी ते दंतमंजनाने घासलं. दोन मिनिटांत आरसा गेला, तो परत आला नाही. घरात कुणी रागावलं नाही, वडिलांनी फक्त डबी बंद केली. ते नाणं मी आजही जपलंय, पण पाहुण्यांना दाखवत नाही.

किंमत कशी तपासायची

आधी धातूचा हिशोब करा. १९६९ च्या दहा रुपयांचं वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. अलीकडची बरीच शंभर रुपयांची स्मारक नाणी ३५ ग्रॅमची, चार धातूंच्या मिश्रणाची आहेत: चांदी ५०, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५ टक्के. त्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. त्या दिवसाच्या भावाने गुणा. मागितलेल्या किमतीतून हा आकडा वजा केल्यावर उरतं ते डबी, दुर्मीळपणा आणि तुमच्या उत्साहाचं मोल. त्यातला शेवटचा भाग कमीत कमी ठेवायचा. धातू आणि वजन ऐकीव धरू नका. नव्या नाण्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते, तिथे सगळं असतं.

मग पहिला संच कोणता

माझं मत स्पष्ट आहे: पहिला संच चांदीचा नको. १९७४ पासून अन्न व शेती संघटनेच्या विषयांवर दहा रुपयांची तांबं-निकेलची नाणी निघाली. त्या मालिकेतलं एखादं सुटं प्रूफ नाणं शिकायला उत्तम. चांदी नाही, त्यामुळे भाव चांदीबरोबर उडत नाही आणि हातून चूक झाली तर नुकसान पेलण्याजोगं असतं. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाचा संच: टिळकांच्या दीडशेव्या जयंतीचा, किंवा ग्वाल्हेरकरांसाठी २०१५ चा तात्या टोपे यांचा. यांत मोठं नाणं चांदीमिश्रित असल्याने आधी वरचा हिशोब करा. नवे संच सरकारी टांकसाळीकडूनच नोंदवावेत. मिळायला काही महिने लागतात, पण शंका राहत नाही. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं तीनशे रुपयांचं नाणं ३१ मे २०२५ ला भोपाळला प्रकाशित झालं, तेव्हा इंदुरात अनेकांना ते लगेच हवं होतं. अशा घाईतच दलालाचं फावतं. थोडं थांबावं.

राणीच्या रुपयाचं 'प्रूफ' नवशिक्याने टाळावंच. आपल्या टांकसाळी १९७० पर्यंत जुन्या नाण्यांच्या नव्या प्रती पाडून विकत असत. मूळ आणि प्रत ओळखायला अनुभव लागतो.

घेतल्यावर नाणं कडेने धरा, मूळ डबीतून काढू नका, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, रबरबँड लावू नका. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. आणि काहीही झालं तरी घासू नका.

भाचीने शेवटी तांबं-निकेलचं एक दहा रुपयांचं प्रूफ नाणं घेतलं, १९७९ च्या बालक वर्षाचं. घरी आणलं तेव्हा आधी वर्तमानपत्र समोर धरून प्रतिबिंब वाचलं, मग भिंगाने 'बी' शोधला. मला विचारलंच नाही.