वाजवणाऱ्याकडे पाहून नाचायचं

शहापूर आणि मुरबाडची ओळख बाहेरच्यांना बहुधा धरणं, घाट आणि किल्ल्यांमुळे असते. तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, माहुली आणि सिद्धगड ट्रेकर चढतात, माळशेजला पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. याच रस्त्यांच्या कडेच्या पाड्यांवर आधी न बसवलेला, वाजवणाऱ्याच्या सुरावर तिथल्या तिथे घडत जाणारा नाच आजही आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू, विक्रमगड हे तालुके तिकडे गेले. जिल्ह्याची हद्द बदलली तरी पाड्यांवरची माणसं तीच राहिली. ठाण्यात उरलेल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत वारली, ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती आहे. मोखाडा-वाड्याकडच्या बाजूला तारपा या फुंकवाद्याचा सूर, तर मुरबाडकडे ठाकरवाड्यांवर ढोलकी, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

तारपा वाजतो कसा

वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत सूर काढणारी पातळ जीभ आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांबट कर्णा, एवढ्यात तारपा झाला. सांधे मेणानं बुजवतात. हवा जराही निसटली की सूर बसतो, म्हणून तारपकरी वाजवायच्या आधी सांध्यांवरून बोट फिरवून पाहतो.

खरी करामत श्वासाची असते. तारपकरी गालांत हवा धरून ती भोपळ्यात सोडत असतो आणि त्याच वेळी नाकानं नवा श्वास घेतो. त्यामुळे सूर कुठेही तुटत नाही. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजरिडू याच रीतीने वाजवतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी ओलांडलेले तारपकरी आहेत आणि आपले तारपे ते स्वतःच घडवतात. 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका वाद्याला आणि त्यामागच्या श्वासाला मिळालेला हा मान फार आधी मिळायला हवा होता.

फेर कोण वळवतं

नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून साखळी करतात. साखळीच्या तोंडाशी घुंगरांची घोळकाठी घेतलेला पुढारी असतो आणि तारपकरी मधे. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. बाकी सगळं मोकळं असतं. तारपकऱ्यानं चाळा म्हणजे धून बदलली की पावलं बदलतात. तो ज्या अंगाला वळेल त्या अंगाला साखळी वळते, कधी आत गुंडाळली जाते, कधी उलगडते. कोणता चाळा किती वेळ चालेल हे आधी कुणी ठरवलेलं नसतं. पोरं दमलेली दिसली तर तारपकरी ठेका सैल करतो. रंग चढला की तोच चाळा घटकाभर लांबवतो. वारली चित्रांतली गोल साखळी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण चित्रात दिसत नाही ती हीच देवाणघेवाण.

जगात इतरत्रही हे आहे. ब्राझीलच्या कापोइरा या नाचासारख्या खेळात बेरिंबाव या एकतारी वाद्याची लय बदलली की खेळणाऱ्यांची चाल बदलते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1926 ते 1958 या काळात चाललेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये जॅझ बँड आणि लिंडी हॉप नाचणारे असेच एकमेकांना चढवत असत.

ठाकरांची ढोलकी

ठाकरांत क ठाकर आणि म ठाकर असे दोन गट आहेत. ल. ना. चापेकरांनी त्यांच्यावर लिहिलेला 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' हा इंग्रजी ग्रंथ 1960 मध्ये आला. पावसाळ्यातला कांबड नाच आणि गौरीच्या दिवसांतले नाच ही त्यांची खासियत. इथे पावलं ढोलकीच्या थापेवर पडतात.

वरातीतला बेंजो

हळद किंवा वरात असली की बेंजो येतो. बेंजोवर सिनेमातली किंवा कोळीगीताची चाल, जोडीला ढोल-ताशा. बेंजोवाला नजरेनं वऱ्हाड जोखत असतो. कुणी रंगात आला की मुखडा पुन्हा पुन्हा वाजवतो, अंतऱ्याकडे जातच नाही. नागिणीची धून लागली की रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळणारा एकजण निघतोच. 1954 च्या 'नागिन' चित्रपटात ती बीन खऱ्या पुंगीची नव्हती. संगीतकार कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. तारप्याचा मान वरातीतल्या या नाचाला कुणी देत नाही, पण समोरच्याला पाहून वाजवायचं हे कसब तेच आहे.

दिवाळीपर्यंतच का

तारप्याचा नाच भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत, नवं भात तयार होण्याच्या दिवसांत रंगतो. पीक घरात आल्याचा तो आनंद आहेच, पण त्याला पोटाचीही बाजू आहे. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर मजूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात, पाडे ओस पडतात. शहापूरचे तरुण आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून लोकल धरून कल्याण-ठाण्याला कामाला जातात. तारपा शिकायला म्हाताऱ्याजवळ बरेच हंगाम बसावं लागतं आणि तेवढी फुरसत आता कुणाकडे नाही. वाद्य मागे पडायचं मोठं कारण हेच आहे. पोरांना नाच आवडत नाही, ही तक्रार मला पटत नाही.

डीजे आल्यावर

डीजेवरचं गाणं ठरल्या मिनिटाला संपतं. त्याला नाचणारे दिसत नाहीत. नाचणारे स्पीकरकडे तोंड करून नाचतात आणि त्यांनी काहीही केलं तरी गाण्यात फरक पडत नाही. तिथे माणसं कमी आनंदाने नाचतात असं मी म्हणणार नाही, पण वाजवणाऱ्याशी होणारा संवाद तिथे नाही, आणि तो या नाचाचा जीव आहे.

नाच पाहायला जायचं असेल तर पाड्यावरच्या ओळखीच्या माणसाला आधी विचारा. न विचारता चित्रीकरण करू नका. बोलावलं तर साखळीच्या शेवटी उभे राहा. आणि घरात हळद निघाली असेल तर यंदा सुपारी डीजेला न देता जवळच्या तारपकऱ्याला, ढोलकीवाल्याला किंवा बेंजो पार्टीला द्या, आणि ठरलेले पैसे त्याच रात्री त्यांच्या हातावर ठेवा.