आरशामागे जाणारी नजर

मेंदूला जबर मार बसलेला रुग्ण काही दिवसांनी डोळे उघडतो आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण डोळे उघडले म्हणजे भान आलं, असं नव्हे. झोप आणि जाग यांचं चक्र प्रामुख्याने मेंदूचं खोड सांभाळतं. भानासाठी मोठ्या मेंदूचीही साथ लागते.

मग भान ओळखायचं कसं? डॉक्टर चेहऱ्यासमोर १०-१५ सेंटिमीटरवर छोटा आरसा धरतात आणि तो सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली नेतात. नजर न सुटता आरशामागे गेली, तर ते किमान भानाचं लक्षण मानलं जातं. बेल्जियममधल्या लिएजच्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवून दिलं, की समोर माणूस किंवा वस्तू हलवण्यापेक्षा आरशाने ही खूण अधिक रुग्णांत सापडते.

२००९च्या एका अभ्यासात, भान नसल्याचं निदान झालेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत प्रमाणित तपासणीनंतर भानाच्या खुणा आढळल्या. भान दिवसभरात कमी-जास्त होतं. म्हणून एका तपासणीवर आशा सोडू नका. वेगवेगळ्या वेळी ती पुन्हा करावी, असा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरा.