चित्रातलं रान कोणाचं?

नाशिककर चित्रप्रेमींनो, जुनं निसर्गचित्र बघताना नुसता उजेड बघू नका. त्यात राबताना कोण दिसतं, तेही शोधा!

सतराव्या शतकात रोममध्ये क्लोद लोरँ सोनेरी उजेडातली रानं रंगवायचा. गिऱ्हाईक कोण? पोप, कार्डिनल, सरदार. चित्रातले गुराखी निवांत. घाम, सारा, दुष्काळ कुठेच नाही. जमीन मुळातच अशी सुखी आहे म्हटल्यावर मालकाला जाब कोण विचारणार?

हीच नजर पुढे ब्रिटिश चित्रकारांबरोबर इकडे आली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सने वेरूळची लेणीही रेखाटली. तो 1795 मध्ये वारला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 24 दृश्यांचा संच 1803 मध्ये लंडनला काढला. त्याच वर्षी 23 सप्टेंबरला मराठवाड्यातच, असईला, इंग्रज आणि मराठे लढत होते! लंडनच्या दिवाणखान्यात मात्र दख्खन म्हणजे शांत, प्राचीन डोंगर.

आता गोदाघाटाचं एखादं जलरंगचित्र घ्या. धुणं धुणाऱ्या बायका, भाजीवाले, टपऱ्या यांतलं कोण आहे, कोण गाळलंय? कमेंटमध्ये सांगा. 👇

#चित्रवाचन #नाशिक