औषधाची वेळ आणि हातातील फोन

क्षय, रक्तदाब, मधुमेह यांवरील उपचारांचे यश औषधाच्या गुणाइतकेच नियमिततेवर अवलंबून असते. जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीसारख्या बागायती गावात पहाटे टोमॅटोच्या तोड्याला निघालेल्या माणसाची सकाळची गोळी सहज राहून जाते. अशा वेळी स्मार्टफोनवरील अ‍ॅपचे साहाय्य घेता येते. औषधाचे नाव, मात्रा व वेळ एकदा नोंदविली की ठरल्या वेळी फोन सूचना देतो. गोळी घेतल्याची खूण केल्यास तशी नोंद राहते. काही अ‍ॅपमधून गोळी चुकल्याचा संदेश घरच्या माणसासही जातो.

क्षयरोगात नियमिततेचे महत्त्व विशेष आहे. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या क्षयावर सर्वसाधारणपणे ६ महिने उपचार चालतात: पहिले २ महिने चार औषधे व पुढील ४ महिने तीन. काही आठवड्यांत ताप व खोकला ओसरतो आणि 'बरे वाटले' म्हणून गोळ्या थांबतात. मग रोग उलटण्याचा आणि उरलेले जंतू औषधास दाद देईनासे होण्याचा धोका निर्माण होतो.

रुग्णालयात न ठेवता घरीही क्षय बरा होतो, हे मद्रास येथील १९५९ च्या अभ्यासाने दाखवून दिले. प्रश्न उरला तो देखरेखीचा. त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात १९९७ पासून कार्यकर्त्यासमक्ष औषध देण्याची 'डॉट्स' पद्धत अवलंबिण्यात आली. पुढे आलेल्या '९९ डॉट्स' पद्धतीत साधा फोनही पुरेसा होता. पाकिटातून गोळी काढताच तिच्यामागे दडलेला क्रमांक दिसे व रुग्ण त्यावर विनामूल्य मिस्ड कॉल देई.

तथापि, फोन आला म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नव्हे. चेन्नई, वेल्लोर व मुंबई येथील रुग्णांच्या लघवीची तपासणी फोनच्या नोंदींशी ताडून पाहणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नोंद आणि प्रत्यक्ष सेवन यांत बरीच तफावत आढळली.

शिवाय अनेक घरांत फोन एकच असतो व तो शेतावर जातो. पडद्यावर झळकणारे औषधाचे नाव रुग्णाचा आजार चारचौघांत उघड करू शकते. म्हणून सूचना कोणत्या फोनवर यावी, हे त्याच्या संमतीनेच ठरावे. आजी-आजोबांच्या फोनवर वेळ लावून देण्यास शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शिकवावे. पंचायत सदस्यांनी आशा सेविकेच्या गृहभेटींना पाठबळ द्यावे. गोळीची आठवण यंत्र देईल. ती का राहिली, हे विचारण्यासाठी मात्र दारापर्यंत माणसालाच जावे लागते.