गवंडी झाला पायांचा डॉक्टर

पायात काटा रुतला की माणूस लंगडतो. लंगडणे म्हणजे पायाला आपोआप मिळालेली विश्रांतीच. पण काटा रुतल्याचे कळलेच नाही तर? कुष्ठरोगाने किंवा मधुमेहाने ज्याच्या तळपायाची जाणीव गेली आहे, तो त्याच काट्यावर दिवसभर चालत राहतो. जखम चिघळत हाडापर्यंत जाते आणि कधी पाय कापण्याची पाळी येते. या न दुखणाऱ्या जखमांचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, ते डॉ. पॉल ब्रँड मुळात बांधकाम शिकले होते!

आजच्या तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत १९१४ साली एका मिशनरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी वडिलांना पुवाने भरलेल्या जखमा धुताना पाहून त्यांना डॉक्टरकीची शिसारीच बसली होती. इंग्लंडमध्ये शिकताना त्यांनी सुतारकाम आणि गवंडीकामात पाच वर्षे घालवली. पुढे मिशनच्या कामात थोडेफार औषधपाणी करता यावे म्हणून लंडनच्या लिव्हिंगस्टन कॉलेजात वर्षभराचा वर्ग केला. हा वर्ग डॉक्टर घडवणारा नव्हता. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे वेळ निभावून नेणारा मदतनीस घडवणारा होता. त्याच काळात इस्पितळात एक निपचित पडलेली स्त्री रक्त चढवताच डोळे उघडताना त्यांनी पाहिली, आणि शिसारी कुठल्या कुठे पळाली. ते वैद्यकाकडे वळले आणि सर्जन झाले.

१९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकवायला आले. कुष्ठरुग्णांचे मांसच खराब असते, म्हणून बोटे झडतात, असा तेव्हा सर्वत्र समज होता. एकदा गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली घेऊन झटक्यात फिरवली. ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलेले! त्या मुलाला पत्ताच नव्हता. बोटे रोगाने झडत नव्हती, दुखत नसल्यामुळे रोजच्या वापरातच इजा होऊन जात होती.

पायांचे तेच. प्लास्टर घालून पायाला विसावा दिला की जुनाट जखमाही भरून येत. मात्र रुग्ण पुन्हा अनवाणी किंवा कडक वहाणा घालून चालू लागला की जखम परत हजर. मग हा सर्जन चप्पल बनवण्याच्या मागे लागला. मऊ, सच्छिद्र रबराचे तळ करवून घेतले. इथे जुने गवंडीकाम उपयोगी पडले असणार. भार कुठे पडतो याचा विचार त्यांच्या हाडीमासी मुरलेला होता.

एकदा इंग्लंडमध्ये लांबच्या रेल्वेप्रवासानंतर मोजा काढताना त्यांना टाच बधिर वाटली. सुई टोचली, काहीच कळले नाही. आपल्यालाही कुष्ठरोग झाला या धास्तीत रात्र सरली. सकाळी पुन्हा सुई टोचली आणि ते कळवळले. प्रवासात एकाच जागी बसून पाय आखडला होता, इतकेच! दुखण्याचा एवढा आनंद फार थोड्यांना झाला असेल.

१९६६ साली ते अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींच्या पायांवर त्यांना नेमक्या तशाच जखमा दिसल्या. वेल्लोरचे प्लास्टर आणि पादत्राणांचे शास्त्र त्यांनी तिथल्या डॉक्टरांना शिकवले. अमेरिकेत पायांच्या डॉक्टरांची पदवीच वेगळी असते आणि त्यासाठी चार वर्षे शिकावे लागते. त्यांच्या कामातही हे ज्ञान मुरले. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला टेकवून जाणीव तपासतात, ती पद्धतही कारव्हिललाच आकाराला आली.

२००३ साली ब्रँड वारले. पाय कापण्याची वेळ टाळायची कशी, या प्रश्नाला त्यांचे उत्तर अगदी साधे असे: डॉक्टरांनी रुग्णाचे बूट-मोजे काढून पाय पाहावेत. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे काम घरच्यांनाही करता येते. रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, वाकता येत नसेल तर आरसा धरावा. बुटात पाय घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, ते बघावे. कढत पाण्याचा अंदाज पायाने नव्हे, कोपराने घ्यावा.