खणातल्या परदेशी चिल्लरीचे मोल

परदेशवारीहून परतल्यावर उरलेल्या नोटा बदलून मिळतात. नाणी मात्र चलन बदलून देणारे सहसा स्वीकारत नाहीत. त्यांचे वजन अधिक, मोल कमी, आणि ती मायदेशी परत धाडण्याचा खर्च कोणी सोसायचा? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार परदेशी नाणी जवळ बाळगण्यावर मर्यादा नाही. त्यामुळे ती निर्धास्तपणे घरातल्या खणात पडून राहतात.

हीच चिल्लर बालकांच्या कामी यावी, यासाठी ‘युनिसेफ’ने १९८७मध्ये विमान कंपन्यांच्या सहकार्याने ‘चेंज फॉर गुड’ हा उपक्रम सुरू केला. १९९१मध्ये कॅथे पॅसिफिक आणि क्वांटास त्यात सहभागी झाल्या. विमानातील कर्मचारी प्रवाशांना पाकिटे देतात. त्यात कोणत्याही देशाची नाणी वा नोटा टाकता येतात. खरे कष्ट त्यापुढचे. डॉलर, येन, बाथ यांची सरमिसळ देशवार निवडावी लागते, आणि ते किचकट काम हाती घेणारा कोणी असेल, तरच या दानाला अर्थ. जमलेला निधी लसीकरण, शुद्ध पाणी, शिक्षण अशा कामांसाठी वापरला जातो.

नाणी साठवून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्रिटनमधील जुने गोल एक पौंडाचे नाणे ऑक्टोबर २०१७मध्ये चलनातून बाद झाले. फ्रँक आणि लिरा तर २००२मध्येच व्यवहारातून गेले.